ठळक अक्षरांतला कोरा अर्ज

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कोऱ्या कागदाचं भय वाटत नाही. सही केलेला कोरा चेक दिसला तर उलट थोडा आनंदच होतो, मग तो दुसऱ्याचा का असेना. पण गेल्या वर्षी माझा बदलीचा अर्ज मुख्य कार्यालयातून परत आला आणि त्यावरचा 'कारण नमूद केलेले नाही' हा शेरा मी वाचला, तेव्हा मात्र हातापायांतलं बळ गेलं. नमूद केलेलं नाही? अहो, तीन रात्री बसून नमूद केलं होतं! आई मिरजेला एकटी, न्हाणीघरात पाय घसरून पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं, शेजारच्या काकू दोन वेळचा डबा देतात तो बिचाऱ्या किती दिवस देणार, हे सगळं मी बँकेच्या पोर्टलवर 'कारण' नावाच्या चौकटीत रीतसर मांडलं होतं. चौकटीच्या डोक्यावर बटणांची एक रांगच होती. ती दिसल्यावर मोह कुणाला आवरतो? मी 'एकटी' हा शब्द ठळक केला, 'खुब्याचं हाड' अधोरेखित केलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टींना १, २, ३ असे आकडे घातले. मग पाठवायचं बटण दाबलं. 'नक्की पाठवायचे का?' असं पोर्टलने अदबीनं विचारलं. मी 'होय' म्हटलं. 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे. धन्यवाद!' अशी हिरवी पट्टी आली.

आणि ते खोटं नव्हतं हो. अर्ज प्राप्त झाला होता. माझं नाव, कर्मचारी क्रमांक, सध्याची शाखा, हवं ते ठिकाण, सगळं पोचलं होतं. फक्त आई पोचली नव्हती.

माझा एक भाचा हिंजवडीला असल्याच चौकटी बनवण्याच्या नोकरीत आहे. त्याला फोन केला. तो आधी हसला. आपल्या दुःखावर नातेवाईक हसले की वाईट वाटतं, पण त्यातून निदान रोगाचं नाव कळणार असेल तर सोसावं.

"मामा, तुझ्या एडिटरमधला मजकूर फॉर्मबरोबर गेलाच नाही. फार जुनं दुखणं आहे हे."

"म्हणजे किती जुनं?"

"माझ्या वयाचं असेल."

भाचा पंचविशीचा. पंचवीस वर्षं जुनं खातं आणि अजून टॅली होत नाही म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. पुढचे चार रविवार मी भाच्याला आणि त्याने पाठवलेल्या वाचनाला घेऊन बसलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो सांगतो. शिवकालापेक्षा लहान आहे, पण तहात घालवलेले किल्ले यातही बरेच आहेत.

मुळात वेबवरचा फॉर्म म्हणजे आपली पे-इन स्लिपच. स्लिपवर छापील रकाने असतात आणि काउंटरवरचा माणूस त्या रकान्यांतलं तेवढं उचलतो. स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही मोत्यासारख्या अक्षरात आत्मचरित्र लिहा, त्याचं पोस्टिंग होणार नाही. ब्राउझर हा असाच, नियमाला चिकटलेला कारकून. त्याच्याजवळ रकान्यांची ठरलेली यादी असते: एका ओळीची चौकट, पुष्कळ ओळींची चौकट (हिचं नाव टेक्स्टएरिया), खुणेचे चौकोन, निवडायच्या याद्या. त्यांतल्या प्रत्येकाचं नाव आणि आतला मजकूर, एवढंच तो पलीकडच्या सर्व्हरकडे नेतो. रकान्याला नाव नसेल तर त्याच्या लेखी तो रकानाच नाही. १९९७ साली एचटीएमएल ४ चं जे नियमपुस्तक निघालं त्यात अशा नेण्याजोग्या रकान्यांना 'सक्सेसफुल' असा शब्द आहे. फॉर्मच्या आत असलेला, नाव असलेला आणि कुणी बंद करून न ठेवलेला रकाना तो यशस्वी. यशाची इतकी माफक व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता गंमत पाहा. वेबचा जन्म झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला तो वाचायचाही होता आणि लिहायचाही. समोरच्या पानातच कर्सर ठेवून मजकूर बदलायचा, मथळा मोठा करायचा. म्हणजे ज्या श्रीमंतीसाठी पुढे जगाने इतका आटापिटा केला ती पहिल्या दिवशीच घरात होती. फक्त एक खोट होती. लिहिलेलं पान आपल्याच यंत्रणेतल्या फाइलींत ठेवता येई. दूरच्या सर्व्हरवर लिहून पाठवण्याची सोय तेव्हा झालेली नव्हती. लिहिता येतं, पाठवता येत नाही. इतिहासाच्या पहिल्याच पानावर माझा अर्ज आहे म्हणा ना!

पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक हा ब्राउझर आला आणि वेब घरोघरी जायच्या वाटेला लागलं. मोझॅक दाखवण्यात पटाईत. पानातच चित्रं दाखवी. पण पानात लिहिण्याची सोय गेली. वाचकाने वाचावं, फार हात चालवू नयेत, अशी व्यवस्था झाली. मग वाचकाला काही सांगायचं असेल तर? त्यासाठी फॉर्म. डेव्ह रॅगेट यांनी १९९३ च्या आपल्या मसुद्यात फॉर्म मांडले, मोझॅकनेही ते उचलले, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २ च्या नियमांत ते कायम झाले. ज्याला अख्खं पान लिहायला मिळणार होतं त्याच्या हातात एक चौकट आली. जमीन गेली, सातबारावर विहीर राहिली.

टेक्स्टएरिया ही चौकट गरीब, पण इमानी. तिच्यात साधा मजकूर लिहायचा, दुसरं काही नाही. ठळक नाही, तिरपं नाही, रंग नाही. तिच्यात जे लिहाल ते मात्र पोचणार.

पोचतं कसं तेही मजेशीर आहे. फॉर्ममधला मजकूर ज्या नेहमीच्या पद्धतीनं बांधतात तिच्या लांबलचक इंग्रजी नावात 'एक्स' हे अक्षर आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एक्स म्हणजे तात्पुरतं, प्रयोगापुरतं. तीस वर्षं उलटली, पद्धत चालू आहे, एक्सही आहे. आमच्या शाखेत 'तात्पुरती व्यवस्था' अशी पाटी लावलेलं एक कपाट मी नोकरीला लागल्यापासून पाहतोय, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. या पद्धतीत दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचं अधिक चिन्ह होतं, आणि इंग्रजी वर्णमालेबाहेरच्या अक्षराची टक्केवारी होते. टक्क्याच्या चिन्हाशी माझा रोजचा संबंध, पण इतके टक्के एकदम मी कर्जबुडव्याच्या खात्यातही पाहिले नव्हते. 'आई' हा शब्द असा जातो: टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का शहाऐंशी, टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का अठ्ठ्याऐंशी. दोन अक्षरांची आई अठरा चिन्हांची होऊन प्रवास करते आणि पलीकडे पुन्हा दोन अक्षरांची होऊन उतरते. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एष्टीतून उतरताना मी पण अशीच अवघडलेली असते."

असो. टेक्स्टएरियावर लोक काही वर्षं सुखी होते. पण माणसाच्या हाताला एकदा वर्डची सवय लागली की साधा मजकूर त्याला उपाशी वाटतो. मायक्रोसॉफ्टने १९९७ पासून आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमधून पानात लिहिण्याची सोय पुन्हा आत आणायला सुरुवात केली आणि जुलै २००० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीत पानाच्या कुठल्याही भागाला 'कंटेंटएडिटेबल' अशी चिठ्ठी डकवली की त्यात टाइप करता येऊ लागलं. शब्द निवडा, बटण दाबा, ठळक! माझा भाचा त्याच वर्षी जन्मला. घरात दोन्ही कौतुकं एकदमच चालली असती, पण तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. मोझिलाने २००३ च्या मार्चमध्ये १.३ या आवृत्तीत अख्खं एक आतलं पान लिहिण्याजोगं करायची सोय आणली. कंटेंटएडिटेबलसाठी फायरफॉक्सवाल्यांना २००८ चा जून उजाडला.

अशा चौकटीला नाव पडलं 'रिच टेक्स्ट एडिटर'. शब्दशः श्रीमंत मजकूर. आणि इथेच माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाने ओळखायला हवं होतं. श्रीमंत माणूस कधी स्वतः रांगेत उभा राहतो का?

कारण ही नवी चौकट दिसायला कितीही चौकटीसारखी असली तरी ती फॉर्मचा रकाना नव्हती. ती पानाचा एक लिहिता येण्याजोगा तुकडा होती. ब्राउझर नावाच्या कारकुनाच्या यादीत तिचं नावच नाही. मोझिलाच्या तऱ्हेत तर मजकूर पानात खिडकी पाडून बसवलेल्या दुसऱ्याच पानात, म्हणजे शेजारच्या इमारतीत! पाठवायचं बटण दाबलं की कारकून इमानेइतबारे आपले रकाने गोळा करी आणि निघून जाई. श्रीमंत मजकूर गादीवर लोळत मागे राही.

यावर जो तोडगा निघाला तो पाहून मला आपल्या देशाची आठवण झाली. श्रीमंतांच्या मागे एक गरीब उभा करायचा. ब्राझीलच्या फ्रेडेरिको काल्डेरा क्नाबेन यांचा एफसीकेएडिटर २००३ साली आला, आणि २००४ मध्ये स्वीडनच्या मॉक्सिकोड या कंपनीचा टायनीएमसीई. (पहिल्याचं नाव म्हणजे निर्मात्याची आद्याक्षरं. ती एका इंग्रजी शिवीच्या फार जवळ जातात हे जगाने त्यांच्या लक्षात आणून दिलं असणार. २००९ मध्ये नावातला एफ गळला आणि ते सीकेएडिटर झालं.) यांची रीत अशी: फॉर्ममध्ये जुनी टेक्स्टएरिया असतेच. एडिटर आल्याबरोबर तिला लपवतो आणि तिच्या जागेवर स्वतः बटणांचा मुकुट घालून बसतो. तुम्ही लिहिता ते त्याच्यात. ठळक शब्दाच्या आगेमागे तो गुपचूप खुणेचे टॅग लावतो. तुम्ही पाठवायचं बटण दाबलं की फॉर्म निघण्याच्या अगदी आधीच्या क्षणी तो सगळा मजकूर टॅगसकट मागच्या टेक्स्टएरियात उतरवतो. कारकून येतो, टेक्स्टएरियाला ओळखतो, तिच्याकडचं घेऊन जातो. वाहवा होते एडिटरची.

मला या टेक्स्टएरियाचं फार वाटतं. आमच्या शाखेतले जुने शिपाईही असेच होते. साहेबांची सही झाली की व्हाउचर क्लिअरिंगला पोचवायचं काम त्यांचं. ते रजेवर गेले की शाखेच्या सगळ्या सह्या जागच्या जागी सुकत.

आता सगळं भवितव्य त्या उतरवून घेण्याच्या क्षणावर आलं. फॉर्म निघण्याआधी ब्राउझर 'निघतोय हं!' अशी एक हाळी देतो. एडिटर त्या हाळीकडे कान लावून बसतो आणि ती ऐकू आली की नक्कल उतरवतो. पण बटण न दाबता प्रोग्रॅमरने आपल्या स्क्रिप्टमधून फॉर्मला परस्पर 'जा' म्हटलं, तर ब्राउझर हाळी देतच नाही. फॉर्म मागच्या दाराने निघून जातो. का? तर नियम तसा आहे. शहाण्या एडिटरांनी या मागच्या दारावरही पहारा बसवला, पण सगळेच कुठे शहाणे असतात? भाच्याने एका रविवारी माझ्याच लॅपटॉपवर आमचं पोर्टल उघडलं, एफ-१२ दाबून त्याचं पोट उघडं केलं, चौकटीत 'टटट' लिहिलं आणि पाठवून दाखवलं. 'नक्की पाठवायचे का?' असं पोर्टलने विचारलं.

"हे बघ मामा, इथेच. हा प्रश्न विचारायला त्यांनी फॉर्म थांबवला. तू 'होय' म्हटलंस की स्क्रिप्ट त्याला परस्पर पाठवते. हाळी नाही, नक्कल नाही."

म्हणजे अदबीनं विचारलं नसतं तर पोचलं असतं! मी आयुष्यात ज्या ज्या वेळी 'होय' म्हणून फसलो त्यांची एक यादी आहे. हे तिच्यात धरलं.

२००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' हा शब्द काढला आणि पान न बदलता मजकूर पाठवण्याची लाट आली. आता फॉर्म निघतच नाही, स्क्रिप्टच रकान्यांतला माल गोळा करून नेते. एडिटरला कुणी सांगितलंच नाही तर तो नक्कल उतरवणार केव्हा? त्यातून एक विलक्षण प्रकार सुरू झाला. पहिल्यांदा बटण दाबलं की कोरं जाई. तेच पुन्हा दाबलं की जाई! किंवा दुरुस्ती करून पाठवली की दुरुस्तीच्या आधीचा मजकूर पोचे. मजकूर एका पावलाने मागे. काल दिलेल्या व्हाउचरचं पोस्टिंग आज आणि आजचं उद्या, अशा एका सहकाऱ्याबरोबर मी काम केलेलं आहे. तो पुढे मॅनेजर झाला. टायनीएमसीईत यावर 'ट्रिगरसेव्ह' नावाची आज्ञा आहे: गोळा करण्यापूर्वी ही द्या, मग सगळे एडिटर आपापला मजकूर उतरवून मोकळे होतात. एका ओळीची आज्ञा. ती कुणीतरी विसरतं आणि दुसरं कुणीतरी तीन रात्री लिहिलेलं पुन्हा लिहितं.

समजा, उतरला मजकूर, निघालाही. तरी घोडं गंगेत न्हालं असं समजू नका. पलीकडचा सर्व्हर दारावर उभा. २००३ च्या एएसपी डॉट नेट १.१ पासून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची सवय अशी की मजकुरात टॅगची खूण दिसली की तो 'धोकादायक' असं ओरडून पिवळं पान फेकी. ज्या टॅगनी अक्षर ठळक होतं त्याच टॅगवर संशय. त्याचंही चुकलं नाही म्हणा. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर या तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या पानात असा मजकूर घुसवला की पान बघणारा आपोआप त्याचा मित्र व्हावा आणि तोच मजकूर बघणाऱ्याच्या पानातही शिरावा. वीस तासांत दहा लाखांच्या वर मित्र! आमच्या सोसायटीत दहा वर्षांत मला चार जोडता आले. तेव्हापासून श्रीमंत मजकुराची झडती जास्तच कडक झाली. ती घेणारा कधी सुरी काढून घेतो, कधी चष्माही.

ब्राउझरांची आपसातली भाषाही एक नव्हती. तोच शब्द ठळक करा, एक्सप्लोरर त्याला एक टॅग लावी, फायरफॉक्स दुसरा. एंटर दाबला की एक नवा परिच्छेद करी, दुसरा नुसती ओळ तोडी, क्रोम तिसरंच काही. त्यात वर्डमधून उचलून चिकटवलं तर दोन ओळींच्या मजकुरामागून पानभर अदृश्य वऱ्हाड येई.

सगळ्यात रसाळ प्रकार मात्र मला नव्या काळातला वाटला. एचटीएमएल ५ हे २०१४ मध्ये अधिकृत झालं आणि त्यात रकान्याला 'सक्तीचा' अशी खूण करण्याची सोय होती. कोरा सोडला तर ब्राउझरच अडवतो आणि त्या रकान्याकडे नेऊन उभं करतो. छान. आता ही खूण लपवलेल्या टेक्स्टएरियाला केली तर? तुम्ही एडिटरमध्ये भरभरून लिहिलंय. बटण दाबता. ब्राउझर पाहतो, टेक्स्टएरिया अजून कोरी. नक्कल हाळीनंतर व्हायची, आणि तपासणी हाळीच्या आधी. तो अडवतो. तुम्हाला त्या रकान्याकडे न्यायला जातो, तर रकाना पडद्याआड! नेणार कुठे? क्रोम मग आपली तक्रार प्रोग्रॅमरांच्या वहीत इंग्रजीत लिहून ठेवतो आणि गप्प बसतो. तुम्ही बटण दाबताय, काहीच होत नाहीये. पडद्यावर चूक नाही, सूचना नाही. माझ्या अर्जाच्या वेळी निदान हिरवी पट्टी तरी आली होती.

मग कारकुनाच्या यादीत नवीन रकाना घालावा हे कुणालाच सुचलं नाही का? सुचलं, पण उशिरा. २०१९ मध्ये क्रोमने दोन सोयी आणल्या. एक म्हणजे फॉर्म माल गोळा करतानाच दुसरी हाळी देतो, आणि ही स्क्रिप्टने परस्पर पाठवलं तरी ऐकू येते. दुसरी अशी की प्रोग्रॅमरने स्वतः घडवलेल्या चौकटीला फॉर्मचा रीतसर रकाना म्हणून नाव नोंदवता येतं. सक्तीची खूणही तिला पाळता येते. फायरफॉक्सने ही नोंदणी २०२२ मध्ये मान्य केली, सफारीने २०२३ मध्ये. म्हणजे श्रीमंत मजकुराला आता स्वतः काउंटरवर येता येतं. तरी बहुतेक ठिकाणी अजून तोच पडद्यामागचा शिपाई धावतोय असं भाचा म्हणतो. जुनी पोर्टलं कोण उघडून बसतो? आमचं तर नाहीच.

यंदा बदल्यांची मुदत पुन्हा आली. भाच्याने युक्ती सांगितली होती: चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीकसं बटण आहे, ते दाबलं की एडिटर बाजूला होतो आणि साधी टेक्स्टएरिया उघडी पडते. मी दाबलं. मुकुट गेला. मागे करड्या किनारीची एक साधी चौकट उभी होती. मी लिहिलं, 'आई एकटी असते. खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. मिरजेला बदली मिळावी.' ठळक काही नाही. 'नक्की पाठवायचे का?' होय. हिरवी पट्टी आली. मी तिच्यावर विश्वास न ठेवता 'पाठवलेले अर्ज' उघडून पाहिलं, कारणाच्या रकान्यात कारण होतं. त्याची छापील प्रत काढून मुख्य कार्यालयाच्या आवक-जावकमध्ये नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. तिथल्या बाई म्हणाल्या, "ऑनलाइन केलंय ना? मग कागद कशाला?" मी म्हटलं, "शिक्का मारा, ताई." त्यांनी मारला. इतका ठळक की पाठीमागे उमटला.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. मागच्या वेळी 'एकटी' हा शब्द ठळक केला होता तेही सांगितलं.

"कशाला रे?" आई म्हणाली. "मुख्य कार्यालयातल्या लोकांना चष्मे नाहीत का? आणि काकूंचं नाव घातलंस का त्यात? त्यांनी चार महिने डबा दिलाय."

ते घालायचं राहिलं होतं.